गिऱ्हाइकाचा तराजू



कोल्हापूर जिल्ह्यांतील हुपरी हें गांव चांदीच्या दागिन्यांचें. येथें घरोघर पैंजण घडतात. कारागिराकडे चांदी तोलून येते आणि दागिना तोलूनच परत जातो. तोळा, मासा व गुंज ज्याच्या बोटांत मुरलेली, त्याला किराणा मालाच्या मापांतील खोट कळणार नाहीं असें कसें म्हणावें? परंतु कळणें निराळें आणि बोलणें निराळें. वाण्याच्या वहींत ज्याचें खातें थकलेलें, त्याची जीभ तराजूपुढें आपोआप जड होते. सर्वच वाणी लबाड होते असें नव्हे. अडल्या आठवड्यांत त्यांच्या वहीनेंच पुष्कळ चुली पेटत्या ठेवल्या. तरी उपकार आणि अडवणूक हीं दोन्ही एकाच वहींत लिहिलीं जात, हें खरें.

यावर उपाय शोधला तो गिऱ्हाइकांनींच. इंग्लंडांतील रॉचडेल येथें १८४४ च्या डिसेंबरांत विणकर व इतर कारागिरांनीं मिळून एक दुकान उघडलें. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या असा मोजका माल. नियम मात्र मोलाचे. व्यवहार रोखीचा, माल निर्भेळ, माप पुरें, आणि ज्याची जितकी खरेदी त्या मानानें त्याला नफ्याचा वांटा. गिऱ्हाईक तोच मालक.

हिंदुस्थानांत १९०४ च्या कायद्यानें पतपेढ्यांना आणि १९१२ च्या कायद्यानें ग्राहक भांडारांसारख्या इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. कोल्हापुरांत १९३९ सालीं शेतकरी सहकारी संघ निघाला. मुंबईंत नायगांवच्या कामगार वस्तींत १९४८ सालीं सुरू झालेलें लहानसें रेशन दुकान पुढें ‘अपना बाजार’ म्हणून नांवारूपास आलें. आपल्याच जिल्ह्यांत तात्यासाहेब कोरे यांच्या वारणा परिवारांतून १९७० नंतरच्या दशकांत ‘वारणा बाजार’ उभा राहिला.

दरम्यान कायद्यानेंहि तराजूला शिस्त लावली. १९५६ च्या कायद्यान्वयें शेर-पायलीच्या जागीं किलो-लिटर आले. १९९० पासून बंद पुड्यावर करांसह कमाल किंमत छापणें आवश्यक झालें. मग खासगी भांडवलाचीं मोठीं दुकानें आलीं. मुंबईंत पवई येथें २००२ सालीं ‘डी-मार्ट’चें पहिलें दुकान उघडलें. फळीवरचा माल आपल्या हातानें उचलावा, छापील भाव वाचावा, पैसे द्यावे व निघावें. ना घासाघीस, ना मिंधेपणा.

हा लाभ लहान नव्हे. मात्र रॉचडेलच्या विणकरांनीं दोन गोष्टी मागितल्या होत्या: पुरें माप आणि दुकानाची मालकी. पहिली आज पेठेंत स्वस्तांत मिळते. दुसरी कोणत्याच फळीवर मांडलेली नसते. ती चार शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन उभी करावी लागते. स्वस्त दुकानांतून पिशवी भरून निघतांना एवढें ध्यानांत असावें.