अदालत रोडचा पत्ता आणि सिल्व्हर ईगलचे वॉरंट

2015 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे दाखल झालेल्या एका दस्तऐवजात तेव्हाच्या औरंगाबादमधला पत्ता आहे : ऑटो कार्स कंपाउंड, अदालत रोड. घरांच्या छपरांवर डिश बसवणाऱ्या व्हिडिओकॉन डी२एच कंपनीचे हे नोंदणीकृत कार्यालय. त्या दस्तऐवजात मांडलेल्या व्यवहारातला दुसरा पक्ष होता सिल्व्हर ईगल ॲक्विझिशन कॉर्पोरेशन. या कंपनीला ना कारखाना होता, ना ग्राहक. होते ते फक्त विश्वस्त खात्यात ठेवलेले 32 कोटी 50 लाख डॉलर. हे पैसे कसे जमले आणि त्यांना कुठे कुठे वाटा फुटल्या, हे दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवले की उलगडते. त्यासाठी वॉरंटचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे समभाग घेण्याचा हक्क देणाऱ्या कागदाचा, माग काढावा लागतो.

सुरुवात जुलै 2013 मधल्या माहितीपत्रकापासून करू. सीबीएस आणि सोनीत काम केलेले जेफ सगान्स्की आणि एमजीएम या चित्रपट कंपनीचे माजी प्रमुख हॅरी स्लोन हे सिल्व्हर ईगलचे प्रवर्तक. कोणता धंदा विकत घ्यायचा हे न ठरवताच पैसे उभारणारी ही ‘ब्लँक-चेक’ कंपनी, म्हणजे स्पॅक. तिने प्रत्येकी 10 डॉलरची 3 कोटी 25 लाख युनिट विकली. एका युनिटमध्ये एक समभाग आणि एक वॉरंट. काही आठवड्यांनी युनिट फोडता येत असे. मग समभाग वेगळा विकला जाई, वॉरंट वेगळे.

वॉरंटची अट नीट वाचायला हवी. एक वॉरंट म्हणजे अर्धा समभाग 5.75 डॉलरला घेण्याचा हक्क. पूर्ण समभागासाठी दोन वॉरंट आणि 11.50 डॉलर लागणार. हक्क बजावायचा तो कंपनीने खरा धंदा विकत घेतल्यावरच. ठरलेल्या मुदतीत सौदा झाला नाही, तर समभागाचे पैसे विश्वस्त खात्यातून परत मिळणार, पण वॉरंटची किंमत शून्य. सौदा होऊन समभाग 15 डॉलरला पोचला, तर दोन वॉरंट हाती असलेला 11.50 भरून 15 ची वस्तू घेणार. त्याचा नफा साडेतीन डॉलर.

ही सवलत देण्यामागे कारण होते. 2013 मध्ये अल्पमुदतीच्या अमेरिकी सरकारी रोख्यांवर व्याज जवळजवळ मिळतच नव्हते. अशा काळात पैसे अडकवून अनोळखी सौद्याची वाट कोण पाहील? वॉरंट हा त्या वाट पाहण्याचा मोबदला. शिवाय सौदा पसंत नसेल तर समभाग परत करून गुंतवलेली रक्कम घ्यायची आणि वॉरंट मात्र जवळ ठेवायचे, अशीही मुभा. बाहेर पडणाऱ्याची मुद्दल सुरक्षित, वर नशिबाचा एक कागद हातात. मग या कागदाचे मोल शेवटी भरते कोण? सौद्यानंतरही समभाग धरून बसलेले सगळे.

आपल्याकडे सेबीच्या नियमांनुसार प्राधान्याने दिलेल्या वॉरंटसाठी एक चतुर्थांश रक्कम आधी भरावी लागते आणि मुदत 18 महिन्यांची असते. हक्क हवा असेल तर पैसे आधी गुंतवा, हे त्यामागचे सूत्र. स्पॅकच्या युनिटमधले वॉरंट मात्र समभागासोबतच हाती पडते, त्यासाठी वेगळे काही मोजावे लागत नाही.

प्रवर्तकांचीही वॉरंट होती, पण त्यांनी ती पैसे देऊन घेतली होती : 1 कोटी 50 लाख वॉरंट, प्रत्येकी 50 सेंट, एकूण 75 लाख डॉलर. विक्रीचा खर्च अशा पैशातून निघतो, म्हणूनच विश्वस्त खाते युनिटमागे पूर्ण 10 डॉलरचे राहू शकते. सौदा फसला तर ही रक्कम बुडणार होती. याशिवाय प्रवर्तकांकडे 81 लाख 25 हजार संस्थापक समभाग होते.

आता बेरीज करू. जनतेची वॉरंट मिळून 1 कोटी 62 लाख 50 हजार समभागांचा हक्क, प्रवर्तकांची मिळून 75 लाखांचा. एकूण 2 कोटी 37 लाख 50 हजार. समभाग विकले होते 3 कोटी 25 लाख. म्हणजे विकलेल्या प्रत्येक चार समभागांमागे जवळजवळ तीन न जन्मलेले समभाग रांगेत उभे होते. ते 11.50 डॉलर घेऊन येणार होते, फुकट नव्हे. पण बाजारभाव त्याहून जितका वर, तितका आधीच्या भागधारकांचा हिस्सा पातळ.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते मोजायचे, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी वजा करायचे, उरलेल्यावर पिके ठरवायची. स्पॅकचे माहितीपत्रक वाचायची हीच रीत. खात्यातला आकडा पाहून हुरळायचे नाही. त्यावर आधीच कोणाकोणाचा हक्क लागला आहे, ते आधी वजा करायचे.

अदालत रोडच्या बाजूला पैशाची निकड होती. धूत कुटुंबाच्या या कंपनीने 2009 मध्ये सेवा सुरू केली. नव्या ग्राहकाच्या घरी डिश आणि सेट-टॉप बॉक्स बसवण्याचा खर्च आधी, वर्गणी नंतर महिन्यामहिन्याने, असा हा धंदा. मुंबईत समभागविक्री करण्यासाठी सेबीकडे मसुदाही गेला होता. अखेर 31 डिसेंबर 2014 रोजी सिल्व्हर ईगलशी करार झाला. 31 मार्च 2015 ला व्यवहार पूर्ण झाला आणि दुसऱ्या दिवसापासून डी२एचच्या समभागांवर आधारलेल्या ठेवपावत्यांची अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात खरेदी-विक्री सुरू झाली. एका पावतीत चार भारतीय समभाग.

वॉरंटचे काय झाले, हा या कागदांतला सर्वांत बोलका भाग. सौद्यासोबत मूळ वॉरंट करारात दुरुस्ती मांडली गेली आणि त्यावर वॉरंटधारकांचे मतदान वेगळे झाले. जनतेकडचे वॉरंट रद्द, बदल्यात प्रत्येकी 1 डॉलर रोख. या वॉरंटमधून येऊ शकणाऱ्या समभागांची रांग संपली. पण 3 कोटी 25 लाख वॉरंट गुणिले 1 डॉलर म्हणजे 3 कोटी 25 लाख डॉलर, खात्यातल्या रकमेचा दहावा हिस्सा. डी२एचच्या हाती आले ते सुमारे 27 कोटी 30 लाख डॉलर. मधल्या फरकात वॉरंटचे पैसे होते, सल्लागारांचे शुल्क होते, व्यवहाराचा खर्च होता.

युनिट घेताना फुकट वाटलेल्या कागदाचे दाम असे रोख मोजले गेले. ते निघाले डिश आणि बॉक्ससाठी येऊ शकणाऱ्या पैशातून. यात लपवाछपवी नव्हती. अटी छापल्या होत्या, मतदान झाले होते. मार्च 2018 मध्ये कंपनी डिश टीव्हीत विलीन झाली, पण कागद आजही पाहायला मिळतात.

ते वाचण्याचे कारण आजचे आहे. अमेरिकेच्या आयोगाच्या अधिकाऱ्यांनी एप्रिल 2021 मध्ये बजावले, की स्पॅकची काही वॉरंट भांडवल म्हणून नव्हे, तर देणे म्हणून दाखवावी लागतील. त्यानंतर अनेक स्पॅकना आपले ताळेबंद पुन्हा लिहावे लागले. त्याच वर्षी गुजरातमधल्या गिफ्ट सिटीसाठीच्या नियमांनी, किमान 5 कोटी डॉलरच्या विक्रीची अट घालून, स्पॅकला भारतात दार उघडून दिले. उद्या असे माहितीपत्रक एखाद्या मराठी गुंतवणूकदारापुढे आले, तर त्याने खात्यात किती आहे हे जरूर पाहावे. पण सही करण्याआधी वॉरंट किती, कोणाकडे आणि कोणत्या भावाची, हे स्वतः मांडून पाहावे. सौद्यानंतर मागे राहणाऱ्याच्या पदरात काय उरणार, हे त्या तीन आकड्यांशिवाय कळत नाही.