दोर नसलेला नांगर

अमेरिकेतल्या तळ्यांवर आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींच्या होड्यांवर गेल्या पंधरा वर्षांत एक यंत्र सर्रास दिसू लागले आहे. होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, एक दांडा पाण्यात उतरवलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला विजेची मोटर आणि छोटा पंखा, वरच्या टोकाला दांडा फिरवणारी यंत्रणा. हवी ती जागा सापडली की हातातल्या रिमोटचे बटण दाबायचे, आणि होडी तिथेच राहते. वारा सुटला, प्रवाहाने ओढले, तरी मोटर आपणहून वळते, पंखा थोडा फिरतो आणि होडी पुन्हा जागेवर येते. तळाशी काहीही टेकलेले नसते. मिन कोटा कंपनी या सोयीला ‘स्पॉट-लॉक’ म्हणते, इतर कंपन्यांनी आपापली नावे दिली आहेत, आणि यांतली कोणती मोटर चांगली यावर मासेमारांत हिरिरीने वाद चालतात. त्या वादापाशी आपण पोहोचणारच आहोत, पण जरा लांबच्या वाटेने.

आरंभ अर्थातच दगडापासून. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरून येथे इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या एका व्यापारी जहाजात भोक पाडलेले चोवीस दगडी नांगर सापडले. एका जहाजावर चोवीस! नांगर ही त्या काळी हरवायचीच वस्तू होती. तळाच्या खडकात अडकला की दोर कापून मोकळे व्हायचे आणि पुढच्या मुक्कामी दुसरा टाकायचा. आपल्याकडेही द्वारकेच्या पाण्यात, तसेच सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गाच्या परिसरात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना असे दगडी नांगर मिळाले आहेत. दगडाची जागा लोखंडाने घेतली, आकार बदलले. १९३३ मध्ये तर द्रवगतिशास्त्रातले मोठे नाव असलेल्या जॉफ्री इन्ग्रम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शिडाच्या होडीच्या हौसेपोटी फाळाच्या आकाराचा हलका नांगर काढला आणि त्याने छोट्या नौकांचे जग जिंकले. मूळ अडचण मात्र टेलरलाही सुटली नाही. नांगर नीट रुतायचा तर दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो, आणि तेवढ्या दोरावर होडी मोठे वर्तुळ काढत झुलत राहते. वीस मीटर पाण्यात हे चालते. दोनशे मीटरवर एक किलोमीटर दोर कोण सोडणार आणि कोण ओढणार? आपल्या कोळ्यांनी यावर उथळ पाण्यापुरता वेगळा तोडगा काढला होता. डोलीच्या मासेमारीत समुद्रतळात खुंट ठोकून जाळेच जागेवर बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीला बोंबील-जवळा त्यात आणून टाकू द्यायचा. जागा धरून ठेवण्याची ही पद्धत पालघरपासून खाली अजूनही टिकून आहे. तिलाही तळ लागतोच.

आता आपण मोटरीकडे वळू. विजेवरची होडी पेट्रोलच्या होडीहून जुनी आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर मोरित्झ फॉन याकोबी या संशोधकाने रशियाच्या झारच्या आर्थिक पाठबळावर बॅटरीची होडी चालवून दाखवली. तिला दोन्ही अंगांना चाके होती आणि आत डझनभर माणसे. त्यानंतर ४३ वर्षांनी, मे १८८१ मध्ये, पॅरिसच्या सेन नदीत ग्युस्ताव्ह त्रुव्हे यांनी सुकाणूच्या माथ्यावर मोटर आणि सुकाणूतच पंखा बसवलेले एक यंत्र होडीला लावले. सबंध जोडणी उचलून काढता यायची. त्रुव्हे यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, पण होडीबाहेर टांगलेल्या मोटरीचे जनकत्व त्यांच्याकडे जाते असे माझे मत आहे. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये पेट्रोलची आउटबोर्ड विकायला काढली आणि विजेची बाजू मागे पडली. शिशाची जड बॅटरी आणि तासाभरात संपणारा दम घेऊन पेट्रोलशी कोण टक्कर देणार?

विजेच्या मोटरीला परत आणले ते मासे धरणाऱ्यांनीच, कारण त्यांना वेग नको होता, शांतता हवी होती. १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर उचलला, त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि गळ पाण्यात ओढत सावकाश फिरण्यापुरती मोटर तयार केली. मिनेसोटा आणि डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून ती मिन कोटा झाली. पुढे ही मोटर होडीच्या मागच्या टोकावरून पुढच्या टोकावर गेली, कारण मागून ढकलण्यापेक्षा पुढून ओढलेली होडी अधिक आज्ञाधारक असते. दोन्ही हात गळाला मोकळे राहावेत म्हणून ती पायाने चालवायची सोय झाली. या टप्प्यावर इतिहासाला एक गमतीचे वळण आहे. उंच उभ्या घड्याळांसाठी नावाजलेली सिनसिनाटीची हर्शेडी कंपनी १९६० च्या सुमारास मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलला गेली आणि तिथे लंबकाच्या घड्याळांबरोबरच मोटरगाइड नावाच्या मासेमारीच्या मोटरीही बनू लागल्या. त्याच दशकात, १९६७ मध्ये, रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर तलावावर बास माशाची मोठी स्पर्धा भरवली. त्यातून उभ्या राहिलेल्या स्पर्धांच्या जगाने या मोटरीला कायमचे गिऱ्हाईक दिले.

मोटर झाली. तिला चालवणारे डोके कुठून आले? त्यासाठी आपल्याला तळ्यावरून उठून युद्धनौकेवर जावे लागेल, आणि इथे थोडे रेंगाळण्याजोगे आहे. निकोलस मिनॉर्स्की हे रशियन नौदलातून अमेरिकेत आलेले अभियंते. जहाज आपोआप सरळ कसे चालवावे हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तरासाठी त्यांनी सुकाणूवरच्या खलाशांचे बारकाईने निरीक्षण केले. अनुभवी सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच बघत नाही. किती वेळ ते एकाच बाजूला ओढले जाते आहे आणि किती वेगाने वळते आहे, हेही त्याच्या हाताला कळते. मिनॉर्स्कींनी १९२२ मध्ये हे तिन्ही गणितात मांडले आणि ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तरी नौदलाने यंत्र स्वीकारले नाही. सुकाणूवर माणूस नसलेले जहाज खलाशांना रुचले नाही, हे त्यामागचे एक कारण. त्या गणिताची तीन पदे मात्र टिकली. आज कारखान्यातल्या भट्टीचे तापमान त्यांनीच राखले जाते, आणि वाऱ्याशी झुंजणाऱ्या छोट्या होडीच्या मोटरीलाही याच जातीचे गणित लागते.

दिशा राखणे वेगळे आणि जागा राखणे वेगळे. जागेचा प्रश्न गंभीरपणे उभा राहिला १९६१ च्या मार्च महिन्यात. पृथ्वीच्या कवचातून आरपार भोक पाडायचे अशा विलक्षण महत्त्वाकांक्षेच्या ‘प्रोजेक्ट मोहोल’साठी ‘कस-१’ हे जहाज मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ साडेतीन हजार मीटर खोल पाण्यावर जाऊन थांबले. तिथे नांगर टाकण्याचा विचारही शक्य नव्हता. म्हणून विलर्ड बॅस्कम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजाच्या चार कोपऱ्यांवर वळवता येणाऱ्या चार मोटरी बसवल्या, भोवती तरंगत्या खुणांचे कडे केले आणि रडार व सोनारवर नजर ठेवत एक माणूस हाताने जहाज मध्यभागी राखत बसला. ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’चे लेखक जॉन स्टाइनबेक जहाजावर होते, त्यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला. पृथ्वीच्या कवचापलीकडे कुणी पोहोचले नाही, पुढे पैसे संपले आणि प्रकल्प बंद पडला. पण नांगराविना उभे राहता येते हे सिद्ध झाले होते. त्याच वर्षी शेल कंपनीच्या ‘युरेका’ जहाजावर हॉवर्ड शाटो यांनी हाताचे काम यंत्राकडे सोपवले. १९७७ मध्ये नॉर्वेच्या कोंग्सबर्गची संगणकीय प्रणाली ‘सीवे ईगल’वर चढली, आणि तेलविहिरींच्या जगात नांगर न टाकता उभे राहणे ही रोजची गोष्ट झाली.

या तंत्राची एक दुखरी आठवण मुंबईलाही आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत झालेला अतिवृष्टीचा प्रलय आपल्याला माहीतच आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ या तेलमंचाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे सहाय्यक जहाज आले. बोटे कापलेल्या एका स्वयंपाक्याला मंचावर चढवायचे होते, कारण खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते. जहाजावर आपोआप जागा राखण्याची प्रणाली होती, पण थ्रस्टरमध्ये, म्हणजे जहाज जागी धरणाऱ्या पंख्यात, बिघाड होता आणि जहाज हाताने चालवले जात होते. लाटेवर उचललेले जहाज वायूच्या नळावर आदळले, आग लागली, मंच जळून गेला आणि २२ माणसे मेली. जागेवर उभे राहणे ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, हे तळ्यावरच्या हौशी माणसानेही लक्षात ठेवावे.

एवढे सगळे असूनही बराच काळ हे तंत्र छोट्या होडीत उतरू शकत नव्हते, कारण होडीला ‘मी कुठे आहे’ हे नेमके सांगणारे काही नव्हते. ते आकाशातून आले. १९५७ मध्ये स्पुटनिकच्या संदेशाची बदलती कंप्रता ऐकून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या दोन तरुण शास्त्रज्ञांनी, गायर आणि वाइफनबाख यांनी, उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी ट्रान्झिट प्रणाली आणि तिच्यानंतर १९७३ मध्ये आखलेला जीपीएस प्रकल्प आला. त्याचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये उडाला. सामान्य नागरिकांना मिळणारा संकेत मात्र अमेरिकेने मुद्दाम बिघडवून ठेवला होता. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. शंभर मीटरच्या चुकीवर नांगर धरणारी मोटर मासा सोडून भलत्याच ठिकाणी पहारा करत बसली असती. २ मे २००० च्या मध्यरात्री हा बिघाड काढून टाकण्यात आला. माझ्या मते या मोटरीची खरी जन्मतारीख हीच, मग ती बाजारात दहा वर्षांनी का येईना.

तोवर होकायंत्राच्या आधारे दिशा धरून चालणाऱ्या मोटरी विकल्या जात होत्या, पण त्यांना वाऱ्याने आडवे सरकवले तर ते कळत नसे. २०१० च्या सुमारास मिन कोटाने आय-पायलट आणला आणि दिशेला जागेची जोड मिळाली. मोटरगाइडची एक्सआय-५ त्यानंतर काही वर्षांनी आली, फ्लोरिडाच्या ऱ्होडनने खाऱ्या पाण्यासाठी आपली वाट काढली, आणि २०१९ मध्ये गार्मिनची फोर्स व लॉरन्सची घोस्ट या दोन्ही मोटरी ब्रशविरहित बांधणी घेऊन उतरल्या. ब्रशविरहित मोटर कमी आवाज करते आणि बॅटरी कमी खाते. वादाला धार आली ती तिथून. पंख्याचा जोर पौंडांत सांगतात: १२ व्होल्टवर ५५ पौंड, २४ वर ८०, ३६ वर शंभरच्या पुढे. भरलेल्या होडीच्या वजनाच्या निदान दोन टक्के जोर हवा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे; त्यामुळे ११२ पौंडांची, म्हणजे सुमारे ५१ किलोच्या ओढीची, मोटर अडीच टनांच्या होडीला जेमतेम पुरते. गिऱ्हाइके या आकड्यांवर भांडतात, पण माझ्या लेखी निर्णायक गोष्ट वेगळी आहे. उपग्रह होडी कुठे आहे हे सांगतो, तिचे तोंड कुठे आहे हे उभ्या होडीत त्याला सांगता येत नाही. होडीचे तोंड ओळखणारा वेगळा संवेदक असेल तरच मोटरीला कुठल्या बाजूला किती वळायचे हे पहिल्या झटक्यात कळते. नसेल तर ती चाचपडत फिरते, बॅटरी जाते आणि गळाखालचे पाणी ढवळते. दुसरे म्हणजे दांड्याची लांबी. लाटेवर नाळ उचलली गेली की आखूड दांड्याचा पंखा हवेत फिरतो आणि मग जोराचा कितीही आकडा निरुपयोगी. आणि एक मर्यादा सगळ्यांनाच सारखी आहे: ‘कस-१’ला चार पंखे होते, इथे एकच आहे. तो नाळ जागेवर धरतो. होडीचा मागचा भाग वाऱ्याप्रमाणे फिरतच राहतो, अगदी दोराच्या नांगरावर फिरायचा तसाच.

आपल्या किनाऱ्यावरच्या डिझेलच्या, कित्येक टन वजनाच्या मासेमारी नौकांना ही मोटर उपयोगाची नाही, आणि डोलीच्या खुंटाची जागा तर ती मुळीच घेणार नाही. धरणाच्या जलाशयात फायबरच्या हलक्या होडीतून गळ टाकणाऱ्याला मात्र ती शोभेल, तीन हजार डॉलरच्या पुढे जाणारी किंमत परवडत असेल तर. घेताना आधी तोंड ओळखणारा संवेदक आहे का ते विचारा, मग दांड्याची लांबी पाहा, खाऱ्या पाण्यात न्यायची असेल तर त्या पाण्यासाठीच बनवलेली घ्या, आणि जोराचा आकडा सर्वांत शेवटी तपासा. बॅटरी संपली की ही मोटर एका क्षणात नुसता दांडा होते, म्हणून दोराचा एक छोटा नांगर होडीत असू द्या.