खड्डा कुठे घ्यायचा?

राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, जन्म २४ सप्टेंबर १९६९चा, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातला. केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. नव्या स्वयंसेवकांना मी मात्र चिंतामणराव देशमुखांपासून सांगायला सुरुवात करायचो. १९५९ साली नेमलेल्या त्यांच्या समितीने कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्यांना नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा सुचवली होती. सक्ती टळली, बरंच झालं.

योजना आखताना दिल्लीच्या डोळ्यांसमोर हाताला माती न लागलेला शहरी विद्यार्थी असावा. औरंगाबादेत गणित उलटं होतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं; त्याआधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या कॉलेजात, म्हणजे आजच्या मिलिंदमध्ये, कितीतरी पोरं थेट शेतमजुरांच्या घरातून आलेली. त्यात १९७२चा दुष्काळ पडला आणि पुढच्या वर्षी एनएसएसच्या शिबिरांना विषय मिळाला, 'दुष्काळाविरुद्ध युवक'. ज्याचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडतायत, त्याला श्रमाची काय ओळख करून देणार?

हा पेच माझ्या काळातही सुटला नव्हता. मी कार्यक्रम अधिकारी असताना पैठणकडच्या एका गावात आमचं सात दिवसांचं शिबिर होतं. मुक्काम शाळेच्या वर्गांत, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक. काम सांडपाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्यांचं. पुस्तिकेत लांबी-रुंदी-खोली दिलेली. पोरांनी टेप लावून मोरीजवळ चुन्याने चौकोन आखला. घरातली म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "अरे बाबा, इथं काळी हाये, पाणी मुरत नसतंय. तिकडं मुरूम हाये, तिकडं खांदा."

शेतकऱ्यांचीच पोरं ती! काळ्या मातीचा गुण त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पण छातीवर बिल्ला लागला, हातात पुस्तिका आली, की घरचं शहाणपण घरीच राहतं. एकाने नंतर कबूल केलं, "सर, मला माहीत होतं. पण पुस्तिकेत नव्हतं ना."

खड्डा मुरमात घेतला. खाली दगडगोटे, वर विटांचे तुकडे, मग खडी.

पुढच्या शिबिरात जागा ठरवायला आम्ही आधी बायकांकडे गेलो. दोन तास बोलणं चाललं. हे तास स्वयंसेवकाने वर्षात भरायच्या १२० तासांत कोणत्या रकान्यात लिहायचे, यावर मात्र ऑफिसशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही.