खारीचे पदर

इतिहास म्हटला की आम्हाला किल्ले आणि लढाया आठवतात. भट्टीपुढे रात्र काढणारा कारागीर आठवत नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. पण कारंजा-मंगरूळपीरकडची माणसे चहात खारी बुडवतात ती त्याच्या कितीतरी आधीपासून.

खारीची विद्या साधी. मैद्याच्या पोळीत तुपाचा थर, मग घडी, मग लाटणे. तिहेरी घडी सहा वेळा घातली की ७२९ थर होतात. भट्टीत वाफ होते आणि पदर सुटतात. लोणी ३५ अंशांच्या आतच वितळते आणि आमचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. म्हणून १९३७ साली आलेला डालडा बेकरीवाल्यांच्या कामी आला.

आज तेच थर गोठवलेल्या पाकिटात मिळतात. आमच्या मुली फ्रीजमधून काढून, गार असतानाच, त्यात खिमा भरतात आणि कडक आचेवर भाजतात. चिरोट्यांना साटा लावणाऱ्या शेजारच्या काकूंना त्यात नवल वाटत नाही. पदर त्यांचेही, आमचेही.

पाकिटावर कारागिराचे नाव नसते. म्हाताऱ्या उस्तादांना विचारून ते लिहून ठेवणे, एवढे तरी आम्ही करायला हवे.