एका ताटातील दोन देश

परदेशांतील काही उपाहारगृहांच्या पाटीवर इथिओपिया व एरिट्रिया ही नावे शेजारी शेजारी दिसतात. एरिट्रियाचा मुक्तिलढा १९६१ साली सुरू झाला व तीस वर्षे चालला. त्यातच १९७४ साली सम्राट हैले सेलासी पदच्युत होऊन लष्करी राजवट आली. लाखो माणसे परागंदा झाली. त्यांच्याबरोबर इंजेरा गेली. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली ही रुंद पोळी, आपल्या आंबोळीची थोरली बहीणच म्हणा. ती ताटभर अंथरून तिच्यावर कालवणे वाढतात. ताट एकच; भोवती सारे कुटुंब.

त्या ताटातील मसूर, वाटाणे, पालेभाजी यांवर परदेशांतील शाकाहारी मंडळी खूष असतात. हे पदार्थ मूळचे उपवासाचे! चौथ्या शतकात, राजा एझानाच्या काळी, तेथे ख्रिस्ती श्रद्धा रुजली. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा बुधवारी व शुक्रवारी मांसच नव्हे, तर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य मानते. आपला शुक्रवार त्यापुढे सौम्यच.

१९९३ साली एरिट्रिया स्वतंत्र झाला. १९९८ ते २००० या काळात हे दोन देश सीमेसाठी लढले. हजारो तरुण मेले. एकमेकांच्या मुखी घास भरवण्याची 'गुर्शा' ही रीत मात्र दोहोंकडे आहे. पाटीवरचा तो 'व' लिहिताना कुणाचा हात सहज वळला नसेल.