राजगृह

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांचे मुंबईतील ऐतिहासिक निवासस्थान. दादर (पूर्व) येथील हिंदू कॉलनीत असलेल्या या वास्तूचे बांधकाम १९३१–३३ दरम्यान झाले.

परदेशी उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या आंबेडकरांना अस्पृश्यतेमुळे त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही; पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईत अनेक वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत होते. वाढत्या ग्रंथसंग्रहास तेथे जागा अपुरी पडे. वकिलीत जम बसल्यावर त्यांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेऊन ‘राजगृह’ व ‘चारमिनार’ या इमारती बांधल्या. पैकी चारमिनार ऋणफेड व ग्रंथखरेदी यांसाठी १९४१ मध्ये विकण्यात आली. राजगृह मात्र त्यांनी राखले.

राजगृह हे प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव. बिंबिसार राजाच्या या नगरीत गौतम बुद्धाचे वास्तव्य घडले व बौद्धांची पहिली संगीतीही तेथेच भरली. येवले येथील धर्मांतराच्या घोषणेपूर्वीच (१९३५) घराला हे नाव मिळाले होते, ही गोष्ट लक्षणीय होय.

तळमजल्यावर कुटुंबाचे वास्तव्य आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व कार्यालय, अशी घराची रचना होती. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन येथेच झाले. स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना (१९३६) आणि मुंबई विधानसभेत मांडलेले खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक (१९३७), ही कार्ये त्यांच्या राजगृहातील वास्तव्याच्या काळातील होत. १९४२ पासून त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने दिल्लीत राहिले.

संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष (१९४७) व स्वतंत्र भारताचे पहिले विधिमंत्री (१९४७–५१) झालेल्या आंबेडकरांना लोकसभेत मात्र निवडून जाता आले नाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत व १९५४ मध्ये विदर्भातील भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. भंडाऱ्याच्या राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, तर सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. १९५२ पासून अखेरपर्यंत आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते. त्यांच्या विधिकार्याचा पाया मतदारसंघातील बळापेक्षा व्यासंगावर उभा होता. राजगृह ही त्या व्यासंगाची वास्तू होय.

दिल्लीत निधन झाल्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे पार्थिव येथे अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले व येथूनच दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनुयायी राजगृहालाही भेट देतात. ७ जुलै २०२० रोजी वास्तूच्या आवारात नासधूस झाली, तेव्हा राज्यभर निषेध व्यक्त झाला. तळमजल्यावर आंबेडकरांच्या वस्तू व छायाचित्रे यांचे स्मारक-संग्रहालय आहे.