आत्मघात, परलोक आणि ख्रिस्ती धर्मविचार



भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर कुणी जीव दिला, तर रडारड ओसरते न ओसरते तोच कुजबूज सुरू होते. त्याला गती मिळेल का? दहाव्याला कावळा शिवेल का? कुणी नारायणबळी करायला सांगतो, तर कुणी दिवेलागणीनंतर त्या वाटेने जाऊ नका म्हणून बजावतो. गेलेला सुटला असे आपण म्हणतो खरे. पण मागे राहिलेल्या आईबापांना आणि बायकापोरांना हे प्रश्न वर्षानुवर्षे सोडत नाहीत. ख्रिस्ती समाजालाही हेच प्रश्न पडले. त्यांनी त्यांची उत्तरे कशी दिली आणि पुढे ती कशी बदलली, हे आज पाहू.

पहिली गोष्ट अशी की, ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही. माणसाला जन्म एकच. मेल्यावर देवापुढे न्याय, मग स्वर्ग किंवा नरक. कॅथलिक लोक यांच्या जोडीला शुद्धिस्थानही मानतात. देवाच्या कृपेत मेलेला पण अजून पुरता शुद्ध न झालेला जीव तेथे निर्मळ होतो. प्रोटेस्टंट हे मानीत नाहीत. या जन्मी चुकले ते पुढल्या जन्मी फेडू, असे म्हणायला आपल्याकडे वाव आहे. तेथे तो नाही. म्हणून मरणापूर्वी पश्चात्ताप झाला की नाही याला फार मोल आले. आत्मघात करणारा पश्चात्तापाची वेळच संपवून टाकतो, ही भीती त्या विचाराच्या मुळाशी आहे.

आता गंमत पाहा. आत्मघाताला नाव घेऊन मनाई करणारी आज्ञा बायबलात नाही. शौल राजा रणात हरून मेला, येशूला तीस रुप्यांसाठी धरून देणारा यहूदा पस्तावून मेला, अशा कथा मात्र आहेत. त्याच रात्री पेत्रानेही आपल्या गुरूला तीनदा नाकारले होते. पण तो रडला आणि परत आला. यहूदाचे मोठे पाप दगा नव्हे, तर आपल्याला आता क्षमाच नाही असे मानणे, असे जुन्या धर्मगुरूंनी यावरून सांगितले.

आणखी एक कथा फिलिप्पै गावच्या तुरुंगाची आहे. भूकंपाने तुरुंगाची दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला. तेव्हा आतून पौल नावाच्या कैद्याने ओरडून त्याला थांबवले आणि आम्ही सारे येथेच आहोत असे सांगितले. तो मनुष्य वाचला. ही कथा ध्यानात असू द्या.

पक्का नियम घालून दिला तो संत ऑगस्टीन यांनी. इ. स. ४१० मध्ये शत्रूने रोम लुटले. अनेक स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी लाजेपायी प्राण दिले. ज्या जगल्या त्यांना लोक टोचून बोलू लागले. तेव्हा ऑगस्टीन यांनी ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथात लिहिले की, अत्याचार झालेली स्त्री दोषी नव्हेच. मग तिने मरावे कशासाठी? ‘खून करू नको’ ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू आहे. म्हणजे हा नियम मुळात जगणाऱ्याची पाठराखण करण्यासाठी मांडला गेला.

पण नियमाचे पुढे काय होते ते पाहा. ६ व्या शतकात पोर्तुगालमधील ब्रागा येथील धर्मसभेने आत्मघात करणाऱ्यासाठी प्रार्थना व स्तोत्रे बंद केली. १३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला तीन कारणांची जोड दिली: हे निसर्गाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे, आणि जीव देणाऱ्या देवाविरुद्धही आहे. इंग्लंडात तर असे प्रेत चव्हाट्यावर पुरीत आणि मृताची मालमत्ता जप्त करीत. चव्हाट्यावर पुरणे १८२३ साली थांबले, जप्ती १८७० साली. गुन्हा कुणाचा आणि शिक्षा कुणाला? मेलेल्याला ती लागत नव्हती. ती लागे त्याच्या विधवेला आणि पोरांना!

हा विचार मराठी मुलखात लवकर आला. तोरणा शिवरायांच्या हाती येण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचा हा ग्रंथ. पण विचार पुस्तकात असणे वेगळे आणि माणसाच्या आयुष्यात उतरणे वेगळे. ते पाहायचे तर आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंकडे वळावे लागेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात या कुटुंबाचा शेवटचा दाणाही संपला. भीक मागण्याची लाज, मजुरी करण्याची सवय नाही. सारे रानात गेले. अकरा दिवस पाण्यावर आणि पाल्यावर काढल्यावर म्हाताऱ्या शास्त्र्यांनी जलसमाधीचा निश्चय केला. तीर्थात देह ठेवणे हा आत्मघात नव्हे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या रमेचा सर्वांत शेवटी. तेवढ्यात थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडतो, मोलमजुरी करतो, पण तुम्हाला जगवतो, असे त्याने सांगितले आणि वडिलांना डोंगरावरून खाली आणले. अशक्तपणाने वडील पुढे लवकरच वारले. पण तो दिवस रमाबाई विसरल्या नाहीत. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी तो सविस्तर सांगितला आहे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. सोबतीला आनंदीबाई भगत होत्या. आपल्याला बळजबरीने बाटवतील, या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला आणि वांटेज गावी त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. केवढे मोठे दुःख पदरात घेऊन त्या नव्या धर्मात गेल्या असतील! आपल्या देशात परत आल्यावर त्यांनी विधवांना आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला. विणकाम, छपाई, शेती शिकवली. मरू पाहणाऱ्याला उपदेशाआधी भाकर, काम आणि माणूस लागतो, हा धडा त्या रानात त्यांना मिळालेलाच होता.

ख्रिस्तमंडळीही हळूहळू याच वाटेवर आली. जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धर्मविधीने दफन नाही, असे कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेत होते. १९८३ च्या संहितेतून ते गेले. १९९२ च्या धर्मशिक्षा ग्रंथाने आत्मघात हे गंभीर पाप आहे हे कायम ठेवले. पण मनाचा आजार, भय किंवा यातना असल्यास जबाबदारी कमी होते, असे स्पष्ट सांगितले. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असेही म्हटले. जिवाचे मोल तेच राहिले. मृताचा निवाडा मात्र माणसाच्या हातून काढून देवावर सोपवला गेला.

कायदाही बदलला. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा मनुष्य तीव्र ताणाखाली आहे असे धरून त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ते जुने कलमच नाही.

मग मेलेल्याच्या गतीचे काय? ते ठरवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच: त्याच्या घरच्यांना वाळीत न टाकणे, त्यांच्या पोरांना शाळेत कुणी हिणवू न देणे. शिक्षक मित्रांनी हे जरूर पाहावे. आणि शेजारी, विद्यार्थी किंवा कर्जाने वाकलेला गडी निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर ते हसण्यावारी न नेता सरळ विचारावे, त्याला एकटे सोडू नये, दवाखान्यात न्यावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो. तुरुंगातल्या त्या कैद्याने केले ते एवढेच: वेळेवर हाक मारली आणि आम्ही आहोत असे सांगितले.